एका काठाचा ओढा

ओढा वाहणे ही भौगोलिक बाब असली, तरी ओढा असणे ही प्रशासकीय बाब आहे. हे कळेपर्यंत माझी पंचाहत्तरी उलटली. तोवर मी आमच्या करंजओढ्यात गोधड्या धुतल्या, खेकडे धरले आणि पोहायलाही शिकले. हे सगळे अनधिकृत होते.

ओढ्यालगत पाणथळ जागा होती. तिथे बगळे उतरत (त्यांच्याकडेही परवानगी नसावी). त्या जागेवर अकरा मजली इमारतीसाठी अर्ज आला. स्थळपाहणी मे महिन्यात झाली. ती नेहमी मे महिन्यातच होते, कारण पावसाळ्यात तिथे जायच्या वाटेवर ओढ्याचे पाणी असते. साहेबांचा शेरा पडला: 'ओढा आढळून आला नाही.' शेरा प्रामाणिकच होता. मे महिन्यात आमच्या नळालाही पाणी आढळून येत नाही.

मग इमारतीची संरक्षक भिंत निम्म्या पात्रापर्यंत आली आणि पाणी शहाण्यासारखे समोरच्या काठावर सरकले.

समोरच्या काठावर सगुणाबाईचे घर. आम्ही दोघींनी एकाच दगडावर गोधड्या आपटल्या आहेत. त्या पावसाळ्यात तिची न्हाणी वाहून गेली. उरलेल्या दोन खोल्या वाचाव्यात म्हणून तिने ओढ्याकडेला दगडी भिंत घालायची परवानगी मागितली. तेच साहेब आले, पुढच्या मे महिन्यात. मी सोबतीला गेले.

"मावशी, इथे बांधकाम करता येणार नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही पूररेषेच्या आत आहात."

"पर ओढाच नाय ना सायब! तुमीच लिवलंय."

"ते त्या काठाचं. ती फाइल वेगळी."

"मंग एकाच काठाचा ओढा हाय का ह्यो?"

"कागदोपत्री, सध्या तरी." (साहेब सभ्य होते. चहासुद्धा घेतला नाही.)

"बरं झालं सांगितलं," सगुणा म्हणाली. "आता पानी आलं का मी त्या काठाला ऱ्हायला जाते. तिकडं ओढा नाय, म्हंजी बुडायचं भ्या नाय!"

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतले: 'अर्जदार स्थलांतरास तयार.'

नागरिकांच्या म्हणण्याची इतकी तत्पर दखल मी आयुष्यात पाहिली नव्हती. पावसाआधीच अर्जदाराच्या संमतीने घर उतरवण्यात आले. दगडी भिंतीचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. सगुणा दिंडोरीला लेकीकडे गेली. आता द्राक्षाच्या छाटणीला जाते म्हणे, या वयात.

मोकळ्या झालेल्या जागेवर ओढा संवर्धन उद्यान झाले आहे. फरसबंद वाट आहे, बाक आहेत, बगळ्याचे सिमेंटचे शिल्प आहे. तुम्ही रोज समोरच्या अकरा मजल्यांतून उतरून तिथे फिरायला येता, तेव्हा आपली भेट होते. परवा माझ्या शेजारी बसून लांब श्वास घेत तुम्हीच म्हणालात, "आजी, नशीब आपलं. निदान ओढ्याकाठी तरी कुणाला बांधू दिलं नाही!"