विखरून बसा

नांदेडच्या बसस्थानकावर एका बाजूला मुखेडची गाडी लागलेली असायची, दुसऱ्या बाजूला हदगावची, आणि मधल्या मोकळ्या जागेत उभा राहून एक म्हातारा ओरडत असायचा, "चला बेंगलोर, बेंगलोर! इमानानं बेंगलोर! जागा हाय!" नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. हे आमचे शेजारी गंगाधरमामा, एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर.

मामांनी हयातभर गाड्या सोडल्या. कुठल्याही वाहनाची लायकी ते दोनच गोष्टींवरून ठरवायचे: टायमिंग आणि भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते. रिकामी धावणारी फेरी आज ना उद्या बंद होते, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. आणि आमचं बेंगलोरचं विमान रिकामं धावत होतं.

"मास्तर, भारमान लई वाईट हाय," असं ते मला रोज सांगायचे, घरात कुणी अंथरुणाला खिळल्यासारखं. विमान उतरून, माणसं बदलून परत उडायला किती वेळ लावतं, तेही कुंपणाबाहेर उभं राहून घड्याळात बघायचे. "एवढ्या टायमात आमची मुखेड गाडी भरून गावाबाहेर गेलेली असायची. हे झोपा काढून राहिले!"

नुसती नावं ठेवून गप्प बसणारे ते नव्हेत. कंपनीला सुधारणाही सुचवायचे. नांदेडहून उडालं की लातूरला टेकवा, तिथली धावपट्टी तशीही मोकळीच असते. रेणापूरकडची माणसं तिथं चढतील. हात दाखवला की थांबवा, एस.टी.नं नाही का केलं? कंपनीचं उत्तर यायचं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मामा खूश. "बगा, इचार करून राहिले!"

हदगावच्या एका कापूस व्यापाऱ्याला तर त्यांनी काही काम नसताना विमानात बसवून दिलं. तो बेंगलोरला हॉटेलात बसून परत आला. तेव्हापासून मामा दिसले की रस्ता बदलतो.

एवढा आटापिटा कशासाठी, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मामांची एकुलती एक लेक सुषमा बेंगलोरला. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रेल्वे-बसचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केलेला. मामी गेल्या तेव्हाही तिला येता आलं नाही. मामा जाऊन यायचे, पण लेकीनं माहेरी येणं ते वेगळं. विमान सुरू झालं आणि ती पुन्हा येऊ लागली. विमान बंद म्हणजे माहेर बंद.

आणि ते बंद झालंच. आमच्याकडे चांगलं काही टिकत नाही, याचा मला आता रागही येत नाही. महिनाअखेरची फेरी शेवटची, असं कंपनीनं कळवलं. सुषमा तेव्हा इथंच होती. त्याच विमानानं तिला परत जायचं होतं.

सोडायला मीही गेलो. जाणारी माणसं मोजकीच. मामा एकेकाजवळ जाऊन हात जोडून सांगत होते, "आत जरा विखरून बसा बरं का. भरल्यावानी दिसतंय." कुणी हसलं नाही. शेवटची फेरी आहे, हे त्यांना सांगायचा मलाही धीर झाला नाही. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं.

तेवढ्यात कळलं, विमान उशिरा येणार. लोक कुरकुरायला लागले. मी मामांकडे बघितलं. गाडी जरा रेंगाळली की ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस, आता कंपनीचं काही खरं नव्हतं.

मामा बाहेरच्या बाकड्यावर सुषमाशेजारी टेकले. खांद्यावरचा टॉवेल घडी करून तिच्या पाठीमागं नीट सरकवला.

"अप्पा, लेट हाय म्हणे," ती म्हणाली.

मामांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

"होऊ दे, बाई. आजच्या दिवस होऊ दे लेट."