मलबा कुठे टाकलात?

विमलताईंची आणि माझी ओळख झाली ती मंगळावरच्या दगडमातीवरून. एका दिवाळी अंकात मी गोष्ट लिहिली होती. मंगळावर जमिनीखाली वसवलेलं शहर, त्यात चाळीस हजार माणसं. कात्रजच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन मला आठवडाच झाला होता. बेल वाजली. दारात सत्तरीच्या बाई, हातात तोच अंक.

"हे तुम्हीच ना?"

"हो," मी खुशीत म्हणालो.

"चाळीस हजार माणसं मावतील एवढं खणलंत. मलबा कुठे टाकलात?"

"माझं यंत्र दगड वितळवतं."

"वितळला म्हणून नाहीसा होतो? आमच्याकडे नाही हो व्हायचा," असं म्हणून त्या गेल्या.

विमलताई तीस वर्षं बोगदे खणणाऱ्या एका कंत्राटदाराकडे कारकून होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयातल्या विज्ञानकथा वाचायला घेतल्या आणि जमिनीखालची एकही वसाहत सुखाने नांदू दिली नाही. समासात पेन्सिलीने प्रश्न असत. 'पाणी उपसायला पंप किती?' 'हवा कुठून?' एका कादंबरीचा नायक दुपारभरात सह्याद्री आरपार करतो, तिथे शेरा होता, 'जेवणाची सुट्टी दाखवलेली नाही.' वाचनालयाने त्यांना समज दिली. तेव्हापासून त्या जरा फिकट लिहू लागल्या.

सोसायटीतही तेच. माळ्याने खड्डा घेतला की या शेजारी हजर. "उकरलेली माती त्याच खड्ड्यात परत मावत नाही. दगड तर दीडपट होतो. म्हणून माणसालाही फार उकरू नये."

पुढे मी गोष्ट छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवू लागलो. चहा मिळायचा आणि माझी शहरं एकेक करून बुडायची. एकदा सहज विचारलं, "बोगद्यात आत कसं वाटतं हो?"

"मला काय ठाऊक? बाई आत गेली तर डोंगर कोपतो, अशी मजुरांची समजूत. तीस वर्षांत एकदाही आत गेले नाही."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

"मग तुम्ही करायचात काय?"

"बिल्ले सांभाळायचे. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला माझ्या फळीवर अडकवायचा, बाहेर आला की काढून न्यायचा. एकदा एक बिल्ला राहिला. सगळे म्हणाले, विसरून गेला असेल घरी. मी खुर्ची सोडली नाही. साहेबांना माणसं परत आत पाठवायला लावली. पठ्ठ्या पाइपांच्या ढिगामागे झोपलेला."

"मग?"

"मी खूप रागावले त्याच्यावर. मग माझा डबा दिला त्याला."

"घरी पोचायला उशीर होत असेल तुम्हाला."

"घरी कोण होतं? आई गेल्यावर मी एकटीच. कुणाची वाट बघायची ती तिथेच. रोज साठ जणांची."

हे त्यांनी दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि कपबशा उचलून त्या ओट्याशी गेल्या.

मी म्हटलं, "नव्या गोष्टीत शहराच्या दाराशी अशी एक बाई बसवू का?"

त्या पाठमोऱ्या होत्या. नळ बराच वेळ चालू राहिला. मग म्हणाल्या, "बसवा. पण शेवटचा माणूस वर येईपर्यंत तिला उठवू नका."