अंकल टॉली जिवंत आहेत!

वेल्वेट रेडिओचा चाळिसावा वाढदिवस कसा साजरा करायचा, हे अख्ख्या क्लीव्हलँडमध्ये फक्त मला कळत होतं! बाकीच्यांच्या डोक्यात केक आणि फुगे. माझ्या डोक्यात इतिहास!

मी, डॅरिल व्हिटलो, या स्टेशनचा नवा कार्यक्रमप्रमुख. नवा म्हणजे मालकीणबाई मिसेस पेटवे यांनी अजून कायम न केलेला. "वाढदिवसाचा मंगळवार नीट पार पडला तर खुर्ची तुझी," त्यांनी बजावलं होतं. "नाही तर माझ्या भाच्याला देईन. त्याला काही येत नाही, पण निदान तो गप्प बसतो!"

बेत अगदी सोपा होता. लुशस टॉलिव्हर, म्हणजे अख्ख्या शहराचे अंकल टॉली, स्टेशन सुरू झाल्यापासून सकाळचा कार्यक्रम करतात. न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून आमचा पहिला आवाज हवेत गेला तो त्यांचाच. शहर बर्फात अडकलं तेव्हा स्टुडिओतच मुक्काम ठोकून गाणी ऐकवली ती त्यांनी. "रॅप म्हणजे गाणं नव्हे, शेजाऱ्यांचं भांडण!" असं म्हणून रॅपला दाराबाहेर ठेवणारे तेच, आणि नातीनं अबोला धरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुकाट्यानं वाजवणारेही तेच. मी ठरवलं, मंगळवारी दिवसभर फक्त त्यांच्या जुन्या टेप लावायच्या. त्यांना सुटी दिली. ते खूश होऊन सरोवरावर मासे धरायला गेले आणि फोन घरीच विसरले.

सुरुवातीचं निवेदन मी स्वतः केलं. मागे संथ ऑर्गन, आवाजात कंप. "चाळीस वर्षं या आवाजानं आपल्याला जागं केलं... आज त्या आठवणींना उजाळा देऊ या." मध्ये साबण-सोड्याच्या जाहिराती नाहीत. दिवसभराचा प्रायोजक एकच, ग्रिग्ज आणि पुत्र, अंत्यविधी सेवा. हसू नका! आमच्या कृष्णवर्णीय वस्तीतले रेडिओ अंत्यविधीवाल्यांच्याच जिवावर चालतात.

पहिला फोन आला तो माझ्या आईचा.

"डॅरिल, टॉलींना काय झालं?"

"काही नाही. मासे धरायला गेलेत."

"आईशी खोटं बोलतोस? अरे, एकाच माणसाचं लागोपाठ, मध्ये एक जाहिरात नाही! हे रेडिओवर कधी लागतं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेडिओवर एकाच गायकाचं तिसरं गाणं लागलं की बायका हातातलं काम टाकून विचारतात, "हा गेला की काय?" मी याच वस्तीत वाढलो. रेडिओचं सगळं शिक्षण घेतलं आणि नेमकं हेच विसरलो!

तेवढ्यात स्वागतकक्षातल्या लव्हर्नबाईंनी हाक मारली. "बाळा, खाली ये! सिस्टर हॅटी आल्यात, चर्चच्या सगळ्या बायका घेऊन. मयताच्या घरी नेतात तसं तळलेलं चिकन आहे, मॅकरोनी आहे, बटाट्याची चार सॅलडं आहेत. पाय ठेवायला जागा नाही!"

"परत पाठवा सगळं!"

"चिकन परत पाठवू? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

त्यांच्या तोंडात आधीच एक तंगडी असावी, कारण पुढचं मला काही कळलं नाही. मी वळतोय तोच दुसरा फोन वाजला. थोरले ग्रिग्ज! आवाजावरून चांगलेच तापलेले.

"बॉडी कुठे आहे?"

"कुठली बॉडी?"

"वा रे वा! कार्यक्रम आमच्या पैशांनी आणि मढं समोरच्या दुकानात?"

"अहो, मढं नाहीच आहे!"

"म्हणजे हरवलंत?"

मी धावत जाऊन माइक ओढला. "मंडळी, अंकल टॉली जिवंत आहेत!"

लगेच फोन खणखणले. "हो रे बाळा, आपल्या सगळ्यांच्या मनात ते कायम जिवंत राहतील," एक आजी हुंदके देत म्हणाल्या. "आमेन!"

दुपारी मागच्या दारानं अंकल टॉली आले. हातात बादली, बादलीत मासे. "खाली एवढी गर्दी कसली रे? कोण गेलं?"

"तुम्ही!"

त्यांनी बादली खाली ठेवली. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मी त्यांना धरून माइकसमोर बसवलं. आता तरी सुटलो, असं मला वाटलं. "मी टॉली बोलतोय," ते म्हणाले. "मी ठणठणीत आहे. आज ऊन पडलंय आणि मासे झकास गळाला लागतायत."

पुन्हा फोन. एक बाई घळाघळा रडत होत्या. "काय जपून ठेवलीत हो टेप! अगदी आत्ता समोर बसून बोलतायत असं वाटतं."

"बाई, मी खरंच बसलोय!"

"अस्संच बोलायचे!" बाई आणखीच रडू लागल्या.

दारात मिसेस पेटवे उभ्या होत्या. त्यांचं तोंड बघून मी भाच्याला मनातल्या मनात खुर्ची देऊन टाकली. "डॅरिल," त्या म्हणाल्या, "यांना खाली ने आणि लोकांना दाखव."

खाली सिस्टर हॅटींनी किंकाळी फोडली, दोघं-तिघं मटकन बसले आणि मग एकच जल्लोष! मी माफी मागू लागलो तर अंकल टॉलींनी मला कोपर मारलं. "गप रे! लोकांनी भाषणं तयार करून आणलीत. होऊ देत. मी मध्ये बोलणार नाही."

भाषणं झाली. अंकल टॉली डोळे पुसत ऐकत होते. शेवटी त्यांची पहिली बायको बर्निस उठली. "टॉली, आज सकाळी मी रडत रडत तुला सगळं माफ केलं."

"देव तुझं भलं करो, बर्निस!"

"ते मेलास म्हणून केलं होतं. आता माफी परत!" तिनं आपला केक उचलला आणि चालती झाली.

मिसेस पेटवेंनी मला कायम केलं! त्या दिवशी शहरात कुणी दुसरं स्टेशन ऐकलंच नव्हतं, आणि चिकन संपेपर्यंत ग्रिग्जही निवळले होते. अट एकच. पुन्हा घोटाळा नको म्हणून महिनाभर दर दोन गाण्यांनंतर मी स्वच्छ आवाजात सांगायचं, "अंकल टॉली जिवंत आहेत, त्यांची तब्येत उत्तम आहे."

मी बुधवारी सकाळपासून इमानेइतबारे सांगू लागलो. जेवणाच्या सुटीपर्यंत स्टेशनचे फोन ठप्प झाले. त्यातून कसाबसा घुसला तो माझ्या आईचाच.

"डॅरिल, आईपासून तरी लपवू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "धडधाकट माणसाची तब्येत उत्तम आहे, असं कुणी इतक्यांदा सांगतं का? डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"