सहा मीटर उपस्थिती

नारिन गावातील जनावरांचे डॉक्टर कुबात यांना स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीला भेटण्याचा हक्क न्यायालयाने लेखी दिला होता, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. हुकूम असा: 'पित्याने पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दहा ते दोन या वेळेत बालिकेस मातेच्या राहत्या ठिकाणी, मातेच्या उपस्थितीत भेटावे. भेटीच्या जागी मातेचा वावर नसावा.'

पहिल्या शनिवारी कुबात खिमा भरून भाजलेले गरम सामसे घेऊन चौथा मजला चढले. दार मुलीच्या आईने, आयझादाने उघडले. ती शाळेत भूमिती शिकवते. हुकुमाखाली तिने लाल शाईने रेघा ओढल्या होत्या.

"आत येऊ?"

"ये की. पण मी हजर पाहिजे आणि मी तिथं नको. तूच सांग, कुठं उभी राहू?"

"घटस्फोटाआधीही तुझं असंच होतं," कुबात म्हणाले.

"आता त्यावर शिक्का आहे."

मुलगी आतून धावत आली. "बाबा, माझा दात..."

"थांब हं पोरी, आधी हा कागद समजून घेऊ."

कागद समजून घेता घेता दोन वाजले. सामसे आईबापांनीच संपवले.

दोघांनी मिळून खुलाशासाठी अर्ज केला. पाच आठवड्यांनी उत्तर आले: 'उपस्थिती म्हणजे अनुपस्थिती नसणे. वावर म्हणजे सहा मीटरच्या आतील उपस्थिती.' सोबत अंमलबजावणी अधिकारी साग्यनबेक आले, मोजपट्टी घेऊन. घर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साडेपाच मीटर भरले. साग्यनबेक जरा खट्टू झाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बाल्कनी धरली तर सहा वीस होतात."

त्यामुळे जानेवारीत, उणे पंचवीस तापमानात, आयझादा फरची टोपी घालून बाल्कनीत उभी राहिली.

"साग्यनबेक बैके, मी इथं गोठले तर?" तिने काचेतून विचारले.

"गोठलात तरी उपस्थितच राहाल, एजे. त्याची काळजी नको," थोरल्या बहिणीला म्हणावे तशा आदराने साग्यनबेक म्हणाले.

कुबात निदान मुक्या प्राण्यांच्या बाबतीत तरी हळवे होते. दहा मिनिटांत त्यांनी खिडकीतून चहाचा वाडगा पुढे केला. साग्यनबेकनी वहीत लिहिले: 'उभय पक्षांत परवानगीविना देवाणघेवाण.'

"चहा म्हणजे वावर नव्हे," आयझादा म्हणाली.

"अगदी बरोबर," कुबात म्हणाले.

चार वर्षांत त्यांचे प्रथमच एकमत झाले होते. मुद्दा गंभीर असल्याने तिला आत घेण्यात आले आणि तिघेही टेबलाशी बसून दुसरा अर्ज लिहू लागले. 'सबब चहा हा द्रवरूप असल्याने' हे वाक्य आयझादाचे. कुबातनी ते दोनदा वाचून घेतले. "वाक्य छान जमलंय गं," ते म्हणाले. तिचे गाल लाल झाले, थंडीनेही असतील.

दीड वाजता कुबातना मुलगी आठवली. तिची खोली रिकामी होती, खुंटीवर कोट नव्हता. तिघांनी खिडकीतून खाली पाहिले. अंगणात ती शेजारच्या म्हातारीचे बटाट्याचे पोते घसरगाडीवरून ओढत होती, आणि म्हातारी तिचे बोलणे ऐकत होती.

"हाक मारू?" कुबातनी विचारले.

"अंगण राहत्या ठिकाणात येतं का?" आयझादाने विचारले.

दोघांनी साग्यनबेककडे पाहिले. ते अहवालाच्या छापील नमुन्यात लिहीत होते: 'बालिका भेटीच्या जागी नसल्याने भेटीत कोणताही अडथळा आला नाही. हुकुमाची अंमलबजावणी पूर्ण. उभय पक्ष समाधानी.' आईबापांनी मजकूर तपासला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दोघांनी सह्या केल्या.

त्या छापील नमुन्यात मुलीच्या नावाचा रकाना नाही. त्याबद्दल साग्यनबेकना दोष देण्यात अर्थ नाही. चूक कुबातची की आयझादाची, याचा निकाल तुम्ही वाचता वाचता लावलाच असेल. तिचे नाव तुम्हीही विचारले नाहीत.