तात्यांचं क्लॅरनेट आणि माझे स्पीकर

आवाजातलं मला कळतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये तेवीस फ्लॅट आहेत आणि त्यातल्या बावीस घरांत टीव्हीखाली ती साउंडबार नावाची लांबुळकी काळी पट्टी ठेवून लोक स्वतःला रसिक समजतात. मी तसला नाही. मी तीन महिने अभ्यास केला. जेवताना व्हिडिओ, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत व्हिडिओ. वॉट म्हणजे काय, ओहम म्हणजे काय, स्पीकर भिंतीपासून किती वीत लांब ठेवायचा, सगळं पाठ. म्हणून त्या दिवसाचा विषय काढून कोणी हसायला लागलं की माझं डोकं फिरतं. अजून फिरतं.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवलं. गणपतरावांचं क्लॅरनेट पुढं असल्याशिवाय घोड्यावर बसणार नाही म्हणणारे नवरदेव होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची बोटं थरथरायला लागली. तात्यांनी क्लॅरनेटची पेटी कपाटावर टाकली आणि त्या विषयावर परत एक शब्द काढला नाही. आम्हीही काढला नाही. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट घरात होती, पेठ वडगावच्या कुठल्याशा लग्नातली. ती मी मोबाइलमध्ये उतरवून घेतली. तात्यांचं सहस्रचंद्रदर्शन घरीच करायचं, पूजा झाली की पाहुण्यांसमोर ते वाजवणं लावायचं आणि तात्यांना त्यांचाच सूर स्वच्छ ऐकवायचा, असा माझा बेत. यात हसण्यासारखं काय आहे?

"राजवर्धनला विचारा की," माझी बायको स्नेहल म्हणाली.

राजवर्धन हा तिचा धाकटा भाऊ. त्याचा साउंड सिस्टीम भाड्यानं देण्याचा धंदा आहे.

"तुझ्या भावाच्या आवाजानं माझ्या दाढेतलं सिमेंट पडलं होतं," मी म्हणालो. "मला संगीत ऐकवायचंय. मिरवणूक काढायची नाही."

स्पीकर मी शिरोळच्या एका गृहस्थाकडून घेतले. वापरलेले, पण काय रुबाब. माझ्या छातीपर्यंत येतील असे दोन लाकडी बॉक्स. प्रत्येकात खाली परातीएवढा मोठा स्पीकर आणि वर दोन लहान. देताना तो गृहस्थ म्हणाला, "पावणं, ह्यास्नी खायला लई लागतंय. दांडगा ॲम्प असला तरच न्या."

स्पीकर विकतोय की म्हैस, हे मला कळेना. माझ्याकडं ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, होता. पंधरा वॉटचा, काचेच्या बल्बांचा, सुरू केला की देवघरातल्या समईसारखा उजळणारा. आता साधा विचार करा. मोठा स्पीकर, लहान ॲम्प. लहानाकडून मोठ्याला इजा होईलच कशी? उलट सुरक्षित. हे मी स्नेहलला समजावलं, तात्यांना समजावलं, वॉचमनलाही समजावलं. याच्या उलटं कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे एकानं सांगितलं होतं, पण तो फार भरभर बोलत होता.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी जोडणी केली आणि सुरू केलं. आवाज अगदी बारीक. बटण वाढवलं. तरी बारीकच. मग मी ते शेवटपर्यंत फिरवलं. आवाज वाढला, जरा खरखरला आणि मग एकदम मऊ, जाडसर झाला.

"कसला वास येतोय हो?" स्नेहल आतून आली.

"नव्या मशीनला येतो सुरुवातीला."

"स्पीकर जुने आहेत ना?"

या बाईशी तांत्रिक बोलणं मी बंद केलंय. "आवाज ऐक," मी म्हणालो. "याला वॉर्म साउंड म्हणतात."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "मला तर कुणी गोधडीत तोंड खुपसून वाजवतंय असं वाटतंय."

कार्यक्रमाला हॉलमध्ये चाळीस माणसं दाटीनं बसली. तात्या मधे खुर्चीत, नवा फेटा बांधून. शेजारी ज्ञानूकाका. बँडात तात्यांच्या मागं ढोल वाजवायचे ते. तात्यांच्या थोरल्या बहिणीची, बयाआत्तीची वाट बघणं चाललं होतं. राधानगरीहून ती घरच्या म्हशीच्या दुधाची बासुंदी घेऊन निघाली होती. ती पोचेपर्यंत माझा कार्यक्रम आटपेल म्हणून मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो, दोनाचे थोडे जास्त झाले, आणि मोबाइल जोडून लावलं.

ढोल घुमायला लागला. दणदणीत. सतरंजीखाली फरशी हलतेय असं वाटावं इतका. लोकांनी माना डोलवल्या. ज्ञानूकाकांनी डोळे मिटले.

"आयला, मी असा वाजत हुतो?" ते हळूच म्हणाले.

तात्या पुढं वाकून बसले होते. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"माझं कवा येनार?" तात्यांनी विचारलं.

"येतंय तात्या."

"मधनंच यायला मी काय चहा हाय का? पयल्या सुरापासनं मीच वाजवतोय ह्यात."

मी बटण वाढवलं. ढोल वाढला. क्लॅरनेटच्या जागी लांब कुठंतरी मांजर पोत्यात कोंडल्यासारखं काहीतरी चाललं होतं.

"गप ऐक की गणपा," ज्ञानूकाका डोळे न उघडता म्हणाले. "काय ठेका पडलाय बघ."

"वाढदिवस माझा हाय का तुझा?"

"चाळीस वर्सं तुझ्या पीपीखाली माझा ढोल कुणाला ऐकू ग्येला न्हाय. आज ग्येला तर पोटात दुखाय लागलं व्हय?"

"पीपी?" तात्या खुर्चीतून उठले. "पीपी म्हनतोस?"

चाळीस वर्षं एका गाडीतून फिरलेली, एका ताटात जेवलेली माणसं. माझ्या हॉलमध्ये, सत्यनारायणाच्या चौरंगापुढं, एकमेकांचे फेटे ओढायला निघाली. लोकांनी त्यांना आवरलं, आणि तेवढ्यात राजवर्धन गर्दीतून पुढं आला. त्यानं माझ्या स्पीकरला कान लावला. मग दुसऱ्याला लावला.

"दाजी, क्लॅरनेटचा सूर काढणारी वरची बारकी समदी गेल्यात. जाळल्यात तुम्ही."

"पंधरा वॉटनं?" मी हसलो. "पंधरा वॉटनं कसे जळतील?"

"पंधरा वॉटनंच जळत्यात. झेपत नसताना ॲम्प फुल्ल वढला की त्यो वरडाय लागतोय. तसल्या वरडण्यानं पयलं बारकंच स्पीकर मरत्यात." आणि मग चाळीस माणसांसमोर, अगदी शांतपणे तो म्हणाला, "माझा ॲम्प न् एक बॉक्स गाडीत हाय. आणतो. दोन मिनटात तात्यांचं क्लॅरनेट ऐकवतो."

त्याचं बरोबर होतं याचाच मला संताप आला. "बॉक्स नको," मी म्हणालो. "फक्त ॲम्प आण. आवाज माझ्याच स्पीकरमधून येणार."

"आवो, मेल्यात म्हणलं की."

"मेलेत का झोपलेत ते ताकद दिल्यावर कळेल."

स्नेहलनं कपाळाला हात लावला. राजवर्धननं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि खाली गेला. त्याचा तो ॲम्प दोघांनी उचलून आणला. घरातल्या प्लगला हा झेपणार नाही म्हणून त्यानं जिन्यातल्या बोर्डवरून वायर ओढली. मी माझ्या हातानं मोबाइल आणि स्पीकर जोडले. तो म्हणाला, "थांबा दाजी, आधी आवाजाचं बटण खाली घेतो." पण मी थांबायच्या मनःस्थितीत नव्हतो. तीन महिने अभ्यास केलेल्या माणसाला आता हा शिकवणार. मी स्विच दाबला.

धाडकन आवाज झाला. खालचा परातीएवढा स्पीकर तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला आणि फाटला. जिन्यातल्या बोर्डमधून ठिणगी उडाली. आमचा पंखा थांबला, शेजारचा थांबला, सगळ्या बिल्डिंगचा थांबला. जळकट वासात चाळीस माणसं गप्प बसली. आणि त्या शांततेत लांबून, भिंतीच्या आतून, बाईमाणसाचा आवाज आला.

"कुठल्या मुडद्यानं लाईट घालवली?"

स्नेहल धावत दारात गेली. "अगं बाई. आत्ती लिफ्टमध्ये आहेत. बासुंदी घेऊन."

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली होती. वॉचमननं फोन लावला तर लिफ्टवाला म्हणाला, अर्धा तास लागेल. राजवर्धन बोर्डपाशी वायरी उपसत बसला. आम्ही सगळे आमच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दारापाशी उभे होतो. तात्या माझ्याकडं वळले.

"अमऱ्या, एकच बहीण ऱ्हायलीया मला."

आधी आत्ती शिव्या देत होती तोवर बरं होतं. मग शिव्या कमी झाल्या. मग नुसता बारीक आवाज आला. "गणपा, हितं लई अंधार हाय रं."

"हाय मी, बया. हितंच हाय," तात्या दाराला तोंड लावून म्हणाले. मग काय वाटलं कोण जाणे, ते घरात गेले. मला वाटलं पाणी आणायला गेले. ते क्लॅरनेटची पेटी घेऊन आले.

जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी क्लॅरनेट जोडलं. फुंकायच्या टोकाची कोरडी पत्ती तोंडात धरून ओली केली. फुंकर मारली तर नुसती शिट्टी निघाली. परत मारली. बोटं भोकांवर बसत नव्हती, घसरत होती. कुणीतरी म्हणालं, राहू दे तात्या. त्यांनी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी सूर लागला. वरातीत नवरी दारात पोचली की ते वाजवायचे, तीच संथ चाल. एखादा सूर निसटत होता, एखादा कापत होता, पण लिफ्टच्या त्या उभ्या पोकळीत तो सूर खालपासून वरपर्यंत भरत गेला. चारही मजल्यांवरची दारं उघडली. ज्ञानूकाका दोन पायऱ्या खाली बसले होते. त्यांनी कठड्याच्या पाइपवर दोन बोटांनी ठेका धरला. अगदी हलका. तात्यांचा सूर झाकणार नाही, एवढाच.

फाटक्या स्पीकरचा विचार डोक्यात घेऊन मी तिथं उभा होतो. असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा राग आता राजवर्धनवर धरवेना. दुसरं जवळ कोणी सापडेना, म्हणून तो माझ्याचवर येऊन बसला.

"गणपा," लिफ्टमधून आवाज आला.

तात्या थांबले. "काय गं बया?"

"कान फुटायची पाळी आली की रं. ह्या डब्यात नुस्तं घुमतंय. बंद कर ते, न् लाईट कवा यायची ते सांग."

तात्या मोठ्यानं हसले. सहा वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. पाच-सात मिनिटांत राजवर्धननं फ्यूज जोडला. लिफ्ट वर आली, दार उघडलं. बयाआत्ती घामानं भिजून, बासुंदीचा डबा पोटाशी धरून बाहेर आली. झालेला सगळा प्रकार स्नेहलनं तिला तिथंच सांगितला, एक वाक्य न गाळता. आत्तीनं तो ऐकून घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बापानं वाजवावं असं वाटत हुतं, तर एवढा राडा कशाला केलास? नुस्तं म्हणायचं, तात्या, वाजवा. सा वर्सांत कुणी म्हणलासा का त्येला?"

चाळीस माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. वॉट आणि ओहम सोडून मला त्या घडीला दुसरं काही येत नव्हतं. मी आत्तीच्या हातातला डबा घेतला आणि म्हणालो, "चला, पानं वाढूया."