उणे अठरातली सायकल

"ती सायकल आज घरातून गेली नाही, तर मी जाईन," वीणाताईंनी जाहीर केलं, आणि विष्णूरावांनी क्षणभर विचार केला. तो क्षण त्यांना पुढे आठवडाभर ऐकावा लागला.

सायकल जागच्या जागी चालवायची होती. मागचं चाक काढून ती एका लोखंडी यंत्रावर चढवायची आणि कुठेही न जाता पेडल मारत बसायचं. शारजातल्या अल नहदा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये घाम सोफ्यावर गळे, घरघर खालच्या मजल्यावर ऐकू जाई आणि रोज सकाळी वॉचमन तक्रार घेऊन वर येई.

या वेडाचं मूळ कॅनडात होतं. वीणाताईंचा धाकटा भाऊ सत्यजित तिथे बर्फात सायकल चालवतो आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. एकदा त्याने लिहिलं, "भावोजी, तुम्हाला शारजात एसी सोळावर गेला की शाल लागते. इथे येऊन दाखवा!" बावन्न वर्षांच्या माणसाने यावर एक हसरा चेहरा टाकून गप्प बसावं. विष्णूरावांनी जानेवारीचं तिकीट काढलं.

घरातून निघालेली सायकल गुपचूप त्यांच्याच कोल्ड स्टोअरमध्ये गेली. नवरा-बायकोचा फ्रोझन मराठी पदार्थांचा धंदा होता. बाहेर ऑगस्टचं सेहेचाळीस, आत उणे अठरा. बर्फाच्या सरावाला आणखी काय हवं? "अल मजाजच्या बागेत वॉकला जातो गं," असं सांगून विष्णूराव पहाटे निघत आणि सहा ते साडेसहा, कानटोपी आणि दोन जॅकेटं चढवून, पुरणपोळ्यांच्या खोक्यांआड पेडल मारत. पहिल्याच दिवशी बाटलीतलं पाणी गोठलं, फोन बंद पडला आणि मिशी ताठ झाली. विष्णूराव खूश! फक्त आत अडकायची भीती वाटे, म्हणून ते दाराला एक खोकं अडकवून ठेवत.

त्या फटीतून शारजाचा ऑगस्ट आत शिरे. सहा वाजून दहा मिनिटांनी वीणाताईंच्या मोबाइलवर स्टोअरच्या तापमान-अलार्मचा मेसेज येई: उणे अकरा.

फ्रीजवाला समाधान आला. त्याने दाराचं रबर बदललं. दुसऱ्या दिवशी उणे बारा. त्याने सेन्सर बदलला, मग पंखा बदलला. चौथ्या दिवशी त्याने हात टेकले.

"ताई, मशीन एकदम ओके आहे. रोज सहालाच बिघडतं आणि साडेसहाला आपलं आपण बरं होतं. असं मशीन मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही. काहीतरी बाधा आहे बघा. नारळ फोडा."

"फोडूया की," विष्णूराव घाईघाईने म्हणाले.

खरं सांगायची वेळ पहिल्याच दिवशी निघून गेली होती. आता तीन पार्ट बदलून झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि नेमकी याच आठवड्यात वीणाताईंची मोठी ऑर्डर अडली होती. उकडीच्या मोदकांचे चार हजार डबे, गणपतीआधी, एका मोठ्या सुपरमार्केटसाठी. गोठवल्यावर पारी तडकू नये म्हणून त्यांनी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. सुपरमार्केटची पर्णिका माल तपासायला आली. मुलगी इथेच वाढलेली.

"मोदक सुपर्ब आहेत आँटी. पण हा टेंपरेचरचा ग्राफ? एव्हरी डे, सिक्स ओ'क्लॉक? सॉरी, अशा स्टोअरमधून मी माल नाही घेऊ शकत."

"मग उद्या सहालाच ये," वीणाताई भडकून म्हणाल्या. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

रात्री जेवताना त्यांचा घास उतरेना. "उद्या नाही जमलं तर खलास. मोदक आपणच खात बसायचं." सहाचं मात्र त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. उगाच वॉक सोडून मागे मागे येतील.

विष्णूरावांना अपराधी वाटलं. बायकोसाठी त्यांनी मोठा त्याग करायचं ठरवलं: उद्या दार पूर्ण बंद करायचं. उद्या सायकलच चालवू नये, हा साधा उपाय त्यांना सुचला नाही. नवऱ्यांना असे उपाय सुचत नाहीत.

सकाळी सहाला ते आत पेडल मारत असताना बाहेर आवाज आले. वीणा! समाधान! आणि ती पोरगी! ते जागीच थांबले. दोन मिनिटांत पाय बधिर झाले, म्हणून पुन्हा हळूच पेडल सुरू केलं. बाहेर गेलो तर ऑर्डर जाते, थांबलो तर जीव जातो.

"सिक्स ट्वेंटी. मायनस एटीन. स्टेबल," बाहेर पर्णिका म्हणाली.

वीणाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजून थांब. सगळं नीट बघून घे."

आत विष्णूरावांनी शपथ घेतली, जिवंत सुटलो तर सत्यजितला गुडघेदुखी कळवायची आणि तिकीट रद्द करायचं. पावणेसात वाजले.

"ऑल गुड आँटी! एक सॅम्पल बॉक्स देता?"

दार उघडलं. पांढऱ्या मिशीचं, पांढऱ्या भुवयांचं काहीतरी धापा टाकत सायकल मारत होतं.

"बाधा!" समाधान ओरडला.

"अंकल आत काय करतायत?" पर्णिकाने विचारलं.

वीणाताईंना एका क्षणात सगळं कळलं. वॉक, रबर, सेन्सर, पंखा. त्यांनी एक खोल श्वास घेतला.

"टेस्टिंग. ऐंशी किलोचा गरम माणूस पाऊण तास आत घाम गाळतोय. आकडा हलला? आधी आठवडाभर दार उघडं ठेवून बघितलं, आज बंद ठेवून."

"ओह, म्हणजे ग्राफमधला तो स्पाइक हाच! वॉव. बाकीचे सप्लायर इतकं करत नाहीत. पण हे रेग्युलर करता ना? मला फाइलला रेकॉर्ड लागेल."

विष्णूराव जिवाच्या आकांताने मान हलवत होते. गोठलेल्या जबड्यातून 'नाही'तला 'ना'सुद्धा निघेना.

"रोज," वीणाताई म्हणाल्या. "बारा महिने. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"परफेक्ट. ऑर्डर अप्रूव्ह्ड. फक्त अंकलच्या मिशीला जाळी लावा."

वीणाताईंनी मोदकांचा डबा उचलून तिच्या हातात दिला आणि समाधानकडे वळल्या.

"दार नीट लावून घे रे. आज यांची टेस्ट सातपर्यंत आहे."