आठवडे कुठून मोजायचे?

शनिवारी सकाळी दहाला पक्षाच्या काउंटी समितीची बैठक सुरू झाली, तेव्हा ड्वेन प्रुइटला दुपारी बाराच्या आत फक्त एक आकडा हवा होता. ओहायोच्या त्या कोपऱ्यातल्या साप्ताहिकानं सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न पाठवला होता: गर्भपाताला किती आठवड्यांपर्यंत परवानगी असावी? ड्वेन पक्षाचा काउंटी अध्यक्षही होता आणि विधानसभेचा उमेदवारही. आजवर या प्रश्नावर तो "मी कुटुंबाच्या बाजूनं आहे" म्हणायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे, कारण कुटुंबाच्या विरुद्ध कोण असतं? पण यंदा समोर उभी असलेली बाई शाळेत गणित शिकवायची. तिला उत्तर आकड्यात लागायचं.

पक्षात एकजूट होती. किंबहुना दोन होत्या. एक सहा आठवडेवाल्यांची. तिचा पुढारी हार्लन टीग काँक्रीटचा ठेकेदार होता, चर्चच्या कारभारातही होता, आणि त्याचं मतही काँक्रीटसारखंच, एकदा ओतलं की घट्ट. दुसरी पंधरा आठवडेवाल्यांची. तिचा पुढारी क्लिफर्ड ओल्डहॅम वकील होता. त्याच्या मते तत्त्व वगैरे ठीक आहे, पण हायवेपलीकडच्या नव्या वसाहतीतल्या बायकाही मतं देतात. ऑगस्टच्या जत्रेत मिरवणुकीला पक्षाचे दोन वेगळे ट्रॅक्टर निघाले होते आणि दोन्हींवर "एकीतच बळ" असाच फलक होता.

समितीत तेरा जण. त्यात अकरा पुरुष. दोन बायकांपैकी एक डोनट आणायला गेल्या होत्या. दुसऱ्या लव्हर्न स्टकी, वय एकाहत्तर, कोपऱ्यात इतिवृत्त टाईप करत होत्या. लव्हर्नबाईंनी एकतीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिकेचं काम केलं होतं. खोलीतल्या निम्म्या पुरुषांची पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. या विषयावर त्यांना कुणी कधी मत विचारलं नव्हतं. टायपिंग मात्र जलद आहे, असं सगळेच म्हणत.

सौदा गुरांच्या बाजाराला शोभेल असा चालला. हार्लन सहावरून साडेसहावर आला. क्लिफर्ड पंधरावरून तेरावर उतरला.

"आठ," हार्लन म्हणाला, "आणि हे मी प्रार्थना करून सांगतोय."

"मग अजून एकदा कर. बारा."

"दोघांचं जाऊ द्या," ड्वेननं घड्याळाकडे पाहिलं. "सहा आणि पंधराचा मध्य काढा. साडेदहा."

"अर्धा आठवडा कसा लिहिणार?" कुणीतरी विचारलं. "बुधवारी रात्री जेवणापर्यंत, असा?"

शेवटी दहा ठरले. हार्लन आणि क्लिफर्डनं दोन वर्षांत पहिल्यांदा हात मिळवले. ड्वेनचे डोळे पाणावले. साडेदहा वाजले होते. आकडा मिळाला होता, आणि डोनट अजून आलेही नव्हते.

तेवढ्यात लव्हर्नबाई टाईप करता करता थांबल्या. "दहा आठवडे," त्या म्हणाल्या, "कुठून मोजायचे?"

त्यांच्या मनात काहीही नव्हतं. एकतीस वर्षं रुग्णांचे कागद भरलेल्या बाईला अर्धवट नोंद डोळ्यांत खुपायची, इतकंच.

"कुठून म्हणजे?" हार्लन म्हणाला. "सुरुवातीपासून."

"कुठल्या सुरुवातीपासून?"

हार्लनचा चेहरा विटेसारखा झाला. "सुरुवात म्हणजे... जिथून सुरू होतं तिथून. बाई, इथं सगळी मोठी माणसं आहेत, फोड करून सांगायला नको."

"डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात," लव्हर्नबाई म्हणाल्या. "तसं लिहू?"

पाळी हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. तीन जण एकदम कॉफी ओतून घ्यायला उठले. एकजण छताच्या पंख्याकडे असा बघत राहिला, जणू तो आज ना उद्या पडणारच. कायद्यानं किती आठवडे द्यायचे यावर दोन वर्षं छातीठोक भांडलेल्या मंडळींना ते आठवडे कशाचे असतात, हे कळायची वेळ आली होती.

क्लिफर्ड वकील होता. तो आधी भानावर आला. "थांबा. म्हणजे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच?"

"साधारण नसते."

"तरी मोजतात?"

"मोजतात."

"म्हणजे मी दहाला हो म्हटलं ते खरे आठच. हा करार फसवून केलाय. मला बारा पाहिजेत."

"डॉक्टर मोजतात तसंच मोजायचं," हार्लननं टेबलावर बोट आपटलं. त्याला आत्ताच कळलं होतं की त्याचे सहा म्हणजे खरे चारच, आणि आनंद लपवणं त्याला जड जात होतं. "विज्ञानाचा मान राखायला शिक."

"वा. मे महिन्यात तूच म्हणालास ना, विज्ञान हे शहरी लोकांचं थोतांड आहे? आणि जीव पहिल्या क्षणापासून असतो, असं तुझंच म्हणणं. मग त्या क्षणाच्या आधीचे दोन आठवडे कुणाचे? शेजाऱ्याचे?"

त्यावर हार्लनच्याच गटातला ओर्विल उभा राहिला. ओर्विलकडे एकशेचाळीस दुभत्या गायी होत्या आणि तो बैठकीत कधी बोलायचा नाही. "आम्ही गाय फळवली त्या तारखेपासून धरतो," तो म्हणाला. "वहीत नोंद असते. त्याच्या आधीचं धरायचं म्हणजे खोटं बोलणं झालं. मी खोट्याला मत देणार नाही."

"ओर्विल, बायकांची अशी वही नसते," लव्हर्नबाई शांतपणे म्हणाल्या.

"ठेवायला हवी," ओर्विल म्हणाला आणि खाली बसला.

मग सगळंच सुटलं. हार्लनचे तीन जण ओर्विलकडे गेले. क्लिफर्डच्या बाजूचा एकजण म्हणाला की बाईला कळल्यापासून मोजा, तेच न्यायाचं. दुसरा म्हणाला, मग कुणी स्वतःला कळूच देणार नाही. दिवस गेले म्हणायला सोपं असतं. ते कुठल्या तारखेपासून गेले यावर अकरा पुरुषांचे पाऊण तासात चार गट झाले. विमा एजंट असलेला एकजण बायकोला फोन करून खात्री करायला बाहेर गेला आणि कान लाल करून परतला.

"काय म्हणाली?" ड्वेननं विचारलं.

"म्हणाली, सत्तावीस वर्षं संसार झाला, चार पोरं झाली, आणि हे तू मला आज विचारतोयस? मग फोन ठेवला."

बाराला दहा कमी असताना ड्वेनला, आयुष्यात जे थोडे विचार सुचले त्यातला सर्वांत चांगला विचार सुचला. "उपसमिती नेमू," तो म्हणाला. "आठवडे कुठून मोजायचे याचा सखोल अभ्यास करायला. अहवाल डिसेंबरात."

निवडणूक नोव्हेंबरात होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. उपसमितीचं अध्यक्षपद हार्लनकडे गेलं, क्लिफर्ड आणि ओर्विल सदस्य झाले. लव्हर्नबाईंना सदस्य करावं असं कुणाला सुचलं नाही. इतिवृत्त मात्र त्यांनीच लिहायचं, असं ठरलं. सोमवारी साप्ताहिकात छापून आलं की प्रुइट यांचा पक्ष या नाजूक प्रश्नाचा वैद्यकीय बाजूनं विचार करत आहे. गणिताच्या बाईंना खोडून काढायला त्यात एकही आकडा नव्हता. ड्वेनला गावात लोक थांबवून हात मिळवू लागले.

मंगळवारी सकाळी लव्हर्नबाई अंगणातली मेपलची पानं दंताळ्यानं ओढत होत्या, तेव्हा हार्लन चालत आला. त्याची पिकअप कुठं दिसत नव्हती. ती त्यानं पुढच्या गल्लीत उभी केली होती.

"उपसमितीच्या कामाला आलोय," तो म्हणाला.

"बोल."

"समजा, एक मुलगी आहे. एकोणीस वर्षांची. कॉलेजात शिकतेय, कोलंबसला. समजा म्हणतोय." त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. "तिची ती... शेवटची तारीख, पाच सप्टेंबर. तर आज किती होतात?"

लव्हर्नबाईंनी दंताळं झाडाला टेकवलं आणि बोटांवर मोजलं. "पाच आठवडे, पाच दिवस."

"म्हणजे परवा सहा."

"परवा सहा."

"पण तिला रविवारीच कळलं. परीक्षेमुळे उशीर होतोय, असं तिला वाटत होतं." हार्लननं टोपीची कड मुठीत धरली. "दोन दिवसांत माणूस काय ठरवणार? तिला अजून नीट रडायलाही वेळ मिळाला नाही."

"बहुतेकींचं असंच असतं, हार्लन."

रस्त्यावरून शाळेची बस गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि गायीसारखं मोजलं तर?"

"तर तीन आठवडे, पाच दिवस."

हार्लननं मनातल्या मनात वजाबाकी केली. त्याच्याच सहा आठवड्यांना अजून सोळा दिवस उरत होते. "ओर्विल साधा माणूस आहे," तो म्हणाला, "पण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे."

लव्हर्नबाईंना टोमणा सुचला होता, चांगला झणझणीत. त्यांनी तो गिळला. "कॉफी घेतोस का?" त्यांनी विचारलं. तो घेतो म्हणाला, पण आत आला नाही. पायरीवरच बसला आणि कप थंड होईपर्यंत हातात धरून राहिला.

गुरुवारी उपसमितीची पहिली बैठक भरली. हार्लन आला नव्हता. त्यानं आपलं मत लिहून पाठवलं होतं: आठवडे ओर्विलच्या पद्धतीनं मोजावेत, आणि घाई करू नये.

क्लिफर्डनं ती चिठ्ठी दोनदा वाचली, उलटून पाहिली. शनिवारी हेच मागण्यासाठी त्यानं घसा कोरडा केला होता. "यात नक्की डाव आहे," तो म्हणाला. "हार्लन ज्याला हो म्हणतो त्याला मी हो म्हणणार नाही. लिहा बाई, माझा विरोध. डॉक्टर मोजतात तसंच मोजायचं. आणि हा आज आला का नाही?"

ओर्विलनंही लव्हर्नबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि टाईप केलं: अध्यक्ष हार्लन टीग, मुलीकडे गेल्यामुळे गैरहजर. मग क्षणभर थांबून मुलीकडे हा शब्द खोडला आणि त्या जागी लिहिलं: कामासाठी.